तुझी यादी मी खालून वर वाचली

पत्र:

ताई, नमस्कार. वय २४, हिंजवडीत नोकरी, वाकडला मित्रांबरोबर फ्लॅट, शनिवार-रविवार घरी सदाशिव पेठेत. जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा झालीय आणि नोव्हेंबरात कंपनी दोन वर्षांसाठी ओसाकाला पाठवतेय. तिथल्या टीममधले बरेच जण दर महिन्याला एअरसॉफ्ट (नकली बंदुकांतून बारीक छर्रे मारत खेळायची लुटुपुटीची लढाई) खेळतात, मलाही बोलावलंय. तिकडे हसं नको म्हणून सगळा सेटअप इथूनच घेऊन जावा असं वाटतं. साठ हजार बाजूला काढलेत, यादी सोबत जोडतोय. शिवाय एम-फोर या लष्करी रायफलची एक एअरसॉफ्ट प्रतिकृती ऑनलाइन मागवून दोन महिने गच्चीवर हँडलिंगचा सराव करावा म्हणतो. व्हिडिओ बघून बऱ्यापैकी जमतंय. बाबांना कळल्यापासून घरात वाद. त्यांचं म्हणणं, चोविसाव्या वर्षी कोणी खेळण्यातली बंदूक घेतं का? मला चष्मा आहे, नंबर साडेतीन. काय करू?
– चष्मेवाला, वाकड

अरे चष्मेवाल्या,

तुझी यादी मी खालून वर वाचली. वाण्याची यादीही मी तशीच वाचते. माणसाला कशाची फिकीर नाही ते तळाला सापडतं. तुझ्या यादीत सगळ्यात वर प्लेट कॅरिअर, म्हणजे गोळी अडवणाऱ्या प्लेट घालायचं जाकीट, चौदा हजार. मग हेल्मेट, नेम धरायचा रेड डॉट, बंदूक खांद्याला अडकवायची स्लिंग, मांडीवर बांधायचा होल्स्टर, बोटं उघडी राहणारे ग्लोव्ह्ज. आणि अगदी शेवटी: ‘गॉगल, ४०० (कोणताही चालेल)’. साडेतीन नंबरचा चष्मा लावणाऱ्या मुलानं हे लिहावं!

मी सहा वर्षं ओसाकात भाषांतराचं काम केलं आणि त्यातली साडेचार वर्षं महिन्यातला एक रविवार चिखलात घालवला. एअरसॉफ्टच्या या खेळाला तिथे ‘साबागे’ म्हणतात, ‘सर्व्हायव्हल गेम’चं जपानी लघुरूप. हा खेळ मुळात तिथलाच, १९७०च्या दशकातला. बॅटरीवरची पहिली बंदूक टोकियो मारुईनं १९९१ मध्ये काढली. त्या साडेचार वर्षांच्या जोरावर सांगते, ही यादी उलटी टांग. गॉगल वर, बंदूक तळाला, आणि प्लेट कॅरिअर खोडून टाक. त्यात घालायला ना तुझ्याकडे प्लेट आहे, ना तुझ्यावर कोणी खरी गोळी झाडणार आहे. ओसाकाच्या दमट हवेत तू फक्त आतल्या आत शिजशील.

आधी गच्चीचं बघू, कारण त्यात तुझा व्हिसा अडकू शकतो. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. छऱ्याच्या बंदुकीला परवान्यातून जी सवलत आहे ती ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे .१७७ च्या नळीला आणि २० ज्यूलच्या आतल्या जोराला. एअरसॉफ्टचा जोर जेमतेम एक ज्यूल, पण छर्रा ६ मिलिमीटरचा. म्हणजे ‘अहो, साधी एअरगन आहे’ ही सबब पहिल्याच मापाला गळून पडते. विकणारा खोक्यावर ‘टॉय’ लिहून मोकळा होतो. कस्टममध्ये खोकं उघडलं की खुलासे द्यायला तू. परवान्याची शंका असेल तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जाऊन विचारतात, विक्रेत्याला नाही.

समज, आली घरी. तू गच्चीवर, गुडघा टेकून, नळी समोरच्या टॉवरकडे. समोरच्या बाल्कनीतल्या काकूंना तुझा एक ज्यूल दिसत नाही, बंदूक दिसते. कोयत्यांच्या बातम्या वाचून आधीच धास्तावलेलं हे गाव. त्या ११२ लावतील आणि त्यांचं काहीही चुकणार नाही. जपानमध्येही घरातून फील्डपर्यंत बंदूक बंद केसमध्ये न्यायची असते, मॅगझिन वेगळं, बॅटरी वेगळी. लोकलमध्ये पिशवीतून डोकावणारं नळीचं टोकसुद्धा खपत नाही. तेव्हा इथे मागवू नकोस, सामानातून नेऊ नकोस, आणि दोन वर्षांनी येताना आणूही नकोस. तिथेच कोणाला तरी विकून ये.

आता गॉगल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

जपाननं २००६ मध्ये कायदा बदलून या बंदुकांच्या जोराला लगाम घातला. ६ मिलिमीटरच्या छऱ्याला ही मर्यादा साधारण ०.९८ ज्यूल पडते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण छर्रा असतो ०.२० ग्रॅमचा, म्हणजे ०.९८ ज्यूलला तो सेकंदाला ९९ मीटरनं सुटतो. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर! जीन्सवर बसला तर चिमटा, उघड्या कातडीवर लाल गोल आणि डोळ्यावर बसला तर डोळा गेला. चारशेच्या गॉगलची काच काय करते? फुटते, आणि तिच्या चिरफळ्याही आतच जातात. तुझा रोजचा चष्मा हे तर संरक्षण नाहीच, ती डोळ्यासमोर धरलेली आणखी एक फुटणारी वस्तू आहे.

गॉगलवर युरोपियन मानक ईएन १६६ ची खूण शोध. त्यात ‘एफ’ असेल तर ६ मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरनं मारून बघितलेली असते. ‘बी’ असेल तर १२० मीटरनं. इंजिनिअर आहेस, गुणाकार करून बघ. ‘एफ’ची चाचणी ०.८७ ज्यूलवर संपते आणि तुझ्या समोरच्याची बंदूक ०.९८ ची असू शकते. ‘बी’ची चाचणी सहा ज्यूलच्या पुढची. म्हणून ‘बी’च घे. आणि कानावर अडकवायच्या, चष्म्यासारख्या गॉगलला ‘बी’ मिळतच नाही, फार तर ‘एफ’. म्हणजे चेहऱ्याला चिकटून बसणारा, पट्ट्याचा, आत चष्मा मावेल असा गॉगल. घेताना चष्मा लावून जा. काड्या कानशिलावर दाबल्या जातात का ते दहा मिनिटं घालून ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानदाराला दहा मिनिटं घाई असते. थांबवायचं त्याला.

जाळीचा गॉगल घेऊ का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. त्यावर वाफ धरत नाही म्हणून लोक भुलतात. छर्रा झाडावर फुटला की त्याचे तुकडे जाळीतून आत येतात. जाळी तोंडाला ठीक, डोळ्याला नको.

खरा शत्रू वाफ. चष्मेवाल्यांना दोन काचांवर दोनदा. वाफ धरली की माणूस काय करतो? झाडामागे वळून गॉगल ‘जरासा’ उचलतो. डोळे या ‘जरासा’त जातात. दुहेरी काचेचा गॉगल घे, जमलं तर छोटा पंखा असलेला, आणि चाचणी पुण्यातच कर. पावसाळा संपायच्या आत गॉगल, चष्मा आणि मास्क घालून पर्वतीच्या १०३ पायऱ्या दमात चढ. तिथे पास झालास तर आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड. वर पोचेपर्यंत समोरच्याचा चेहरा स्वच्छ दिसत असेल तर ओसाकाच्या जून महिन्यातही दिसेल. लोक बघतील म्हणून लाजू नकोस. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून वर गॉगल लावलेल्या स्कूटीवाल्या मुली बघून हे शहर कधीच निर्ढावलंय. आणि फील्डवर काही झालं, घाम आला, मुंगी शिरली, तरी हात वर करून बाहेर चालत येईपर्यंत गॉगलला हात लावायचा नाही.

मास्क का, ते माझ्या पुढच्या वरच्या दाताला विचार. पहिल्या वर्षी मी नुसता गॉगल लावायचे. मास्कमध्ये दम कोंडतो, फोटोही बरे येत नाहीत, अशी माझी कारणं. एका बांबूच्या बेटामागून वाकून बघताना ‘टक्’ असा आवाज आला. दुखलं नाही, फक्त जिभेला वाळूचा कण लागल्यासारखं झालं. थुंकून बघितलं तर दाताचा कोपरा. आता त्यावर कॅप आहे आणि बाकरवडी मी डाव्या दाढेनं खाते. मास्क सहाशे-सातशे रुपयांत येतो. कॅपला किती पडले ते सांगत नाही, माझ्या आईनं हे वाचलं तर पुन्हा सुरू होईल.

बूट नवे घेऊ नकोस. घोट्यावरपर्यंत येणारे ट्रेकचे बूट तुझ्याकडे असतीलच, नसले तर तेच घे, सह्याद्रीतही चालतील. गुडघ्याचे पॅड मात्र हवेत, तिथल्या टेकड्यांवर बांबूच्या कापलेल्या खुंटांवर गुडघा टेकवणं म्हणजे शिक्षा आहे.

मॅगझिन ठेवायला एक रुंद पट्टा आणि त्यावर दोन-तीन खिसे, बस्स. उजव्या हातानं खेळणार असशील तर खिसे डाव्या बाजूला, कारण उजवा हात मुठीवरून सुटता कामा नये. पट्टा बांधून सोफ्यावर बस, उकिडवा बस, पालथा झोप. कुठे टोचतं ते खिसे हलवून ठीक कर. मग डोळे मिटून मॅगझिनच्या जागी मोबाइल खिशातून काढ-घाल कर, चाचपडणं थांबेपर्यंत. खरा सेटअप म्हणतात तो हा, आणि याला एक रुपया लागत नाही. मांडीवरचा होल्स्टर दिसतो झकास, पण धावताना गरागरा फिरतो. तीनशे छर्रे मावणारी मॅगझिनं चालताना खुळखुळ्यासारखी वाजतात. साठ-सत्तर ते शंभराची साधी घे, शांत असतात आणि मोजून मारायची सवय लागते. एक लाल फडकं खिशात असू दे. छर्रा लागला की मोठ्यानं ‘हित्तो!’ म्हणायचं, हात वर, फडकं दाखवत बाहेर. लागूनही न सांगणाऱ्याला तिथे ‘झोंबी’ म्हणतात. एकदा हे नाव पडलं की महागातलं महाग हेल्मेटही ते पुसत नाही.

बंदूक तिथे भाड्यानं मिळते, जवळजवळ प्रत्येक फील्डवर. निदान तीन-चार खेळ भाड्याच्याच घे, दर वेळी वेगळी. वजन, लांबी, चष्म्यासकट गाल टेकवून नेम दिसतो का, हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. गॉगल-मास्क घातल्यावर गाल दस्त्यापर्यंत पोचतच नाही, हे तर व्हिडिओत कोणी सांगत नाही. रेड डॉट उंच बसवावा लागतो तो त्यामुळे. मग विकत घेशील तेव्हा बॅटरीवरचीच घे. गॅसवरची झटका छान देते, पण थंडीत गॅसचा दाब पडतो आणि डिसेंबरात ती खोकत बसते.

हातात आल्यावर पहिलं काम हॉप-अप. नळीच्या बुडाशी एक रबर छऱ्याला वरून दाबतं, त्यानं छर्रा उलटा फिरत निघतो आणि ती फिरकी त्याला हवेत उचलून धरते. टेबल टेनिसमध्ये चॉप मारलेला चेंडू कसा तरंगत येतो, तसं. शून्यावरून सुरू करून थोडं थोडं वाढवायचं. छर्रा लवकर खाली पडला तर हॉप-अप कमी पडतंय, शेवटी आकाशाकडे वळला तर जास्त झालंय. ०.२० वरून ०.२५ ग्रॅमचा छर्रा घेतला की पुन्हा लावावं लागतं. बाहेरच्या फील्डवर बहुतेक ठिकाणी मातीत विरणारे छर्रेच चालतात, ते विचारून घे.

बंदुकीच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीबद्दल एवढंच: दोन सेलची ७.४ व्होल्टची पुरे. ११.१ व्होल्टची लावून साध्या गिअरबॉक्सचे दाते झडलेले मी दोनदा पाहिलेत. पूर्ण भरली की सेलला ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची तर ३.८ च्या आसपास. फुगली की तिचा मोह संपवायचा. आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही. तुझ्या ओसाकाच्या खोलीत पलंग आणि प्लग यांत हातभर अंतर असणार आहे.

आता हँडलिंग. तू पाहतोस ते व्हिडिओ खऱ्या बंदुकीचे, सैनिकांचे. मॅगझिन झटक्यात बदलायची, कोपऱ्यातून वळायची ती सगळी कवायत त्यांच्या कामाची आहे. तुला लागणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, म्हणून त्यांचे व्हिडिओ कोणी बघत नाही.

माझा तिसरा की चौथा खेळ असेल. जेवणाची सुट्टी, सेफ्टी झोनमध्ये लांबलचक टेबलं, सगळ्यांचे गॉगल उतरलेले. मी मॅगझिन काढलं, म्हणजे माझ्या मते बंदूक रिकामी झाली. ती टेबलावर ठेवताना दुसऱ्या हातानं ग्लोव्ह ओढत होते. बोट चापात अडकलं आणि ‘पट्’! समोरच्या गृहस्थांच्या कागदी कपाला बरोबर मधोमध भोक, गार मुगिचाची, म्हणजे सातूच्या चहाची, बारीक धार टेबलावर. कपाच्या वर वीतभर अंतरावर त्यांचा उघडा चेहरा. साठीचे असतील. ओरडले नाहीत. उठले, आपली टोपी काढून माझ्या नळीच्या तोंडावर ठेवली आणि फडकं आणायला गेले. मी किती वेळा ‘सुमिमासेन’, माफ करा, म्हटलं आठवत नाही. दुपारी खेळायला उतरले नाही.

झालं काय होतं? मॅगझिन काढलं तरी एखादा छर्रा नळीच्या बुडाशी, हॉप-अपच्या रबराखाली, अडकलेला राहतो. म्हणून क्रम असा: फील्डवरून निघतानाच, गॉगल घातलेला असताना, मॅगझिन काढायचं, नळी जमिनीकडे किंवा त्यासाठी ठेवलेल्या पिंपात धरून एक-एक करत दोन-तीनदा चाप ओढायचा, मग सेफ्टी, मग नळीवर कापडी टोपी. क्रम उलटला, आधी चाप ओढून मग मॅगझिन काढलं, तर प्रत्येक वेळी नवा छर्रा वर येतो आणि तू भरलेली बंदूक घेऊन जेवायला बसतोस. सेफ्टीवर विसंबून तर मुळीच राहू नकोस, ती खिशाला घासूनही सरकते. टेबलावर ठेवली की बॅटरीची वायरही काढ.

याचा सराव पुण्यात करायचाय ना? बाबांची लांब दांड्याची छत्री घे. खरंच सांगतेय. मुठीजवळ एक रबरबँड लाव, तो चाप समज. शनिवार-रविवार घरात ती घेऊन फिर, तर्जनी सरळ, रबरबँडच्या बाहेर. आई चहा घेऊन आडवी आली की टोक कुठे गेलं ते बघ. पाठीमागून कोणी हाक मारली की तू छत्रीसकट गर्रकन वळतोस का? पहिल्या दिवशी वळशीलच, सगळे वळतात. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत माणसांवर टोक न रोखता दोन दिवस काढलेस तर फील्ड सोपं जाईल.

आणि बंदूकच हाताळायची हौस असेल तर वाकडहून बालेवाडीचं क्रीडासंकुल किती लांब आहे? पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे तिथे सराव करून गेला. दोन महिने १० मीटर एअर रायफलच्या वर्गाला घाल, तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या रेंजवर. प्रशिक्षक नेम धरायच्या आधी एक भडक रंगाची दोरी दाखवतील, सेफ्टी फ्लॅग. ती बंदुकीच्या नळीत घातलेली असेल तरच बंदूक रिकामी मानतात. दोरी घालणं-काढणं हेच तुला पहिले दोन दिवस करायला लावतील आणि तू वैतागशील. वैताग. ओसाकात पहिल्या दिवशी तुझं हसं झालं तर ते चुकलेल्या नेमामुळे होणार नाही. नवा माणूस बंदूक टेबलावर कशी ठेवतो याकडे तिथे सगळ्यांचं लक्ष असतं.

बाबांचं निम्मं बरोबर आहे. चोविसाव्या वर्षी खेळू नये हे चूक, त्या फील्डवर आजोबा झालेले लोक भेटतील तुला. पण इथून साठ हजारांचं सामान वाहून नेऊ नये हे अगदी बरोबर. गॉगल, मास्क, गुडघ्याचे पॅड, पट्टा आणि रेंजची फी. त्यांच्यासमोर बसून कागदावर मांड, आकडा पंधरा हजारांच्या आसपास थांबेल. उरलेले तिथे गेल्यावर, थंडी बघून, बंदुका हातात धरून, मग. छत्री मागायच्या निमित्तानं तरी बोलणं सुरू होईल.

कपड्यांचं तू यादीत नुसतंच ‘कॅमो’ लिहिलंयस. कॅम्पात जाऊन लष्करी छापाचा जोड शिवून घेऊ नकोस. २०२२ च्या सेनादिनी आलेला नवा डिजिटल छाप सैन्याचा आहे, तो बाजारात विकणं-घेणं दोन्ही भानगडीचं. दक्षिण कमांडचं मुख्यालय या गावात, खडकवासल्याला एनडीए, त्यांच्या गणवेशाची नक्कल अंगावर घेऊन तू विमानतळावर उभा राहणार का? साधी मातकट कार्गो पँट आणि पूर्ण बाह्यांचा हिरवट शर्ट घे. आणि जायच्या आधी चष्म्याची एक जादा जोडी करून ठेव, पातळ काड्यांची. गॉगलच्या आत तीच बसेल.